फेब्रुवारीत मैत्रिणीसोबत ट्रोम्सो आणि आबिस्को: ढग, थंडी आणि इन्सुलिन यांचा मेळ कसा घालावा?

मासुंदाकाठ (ठाणे)

नमस्कार. मी नौपाड्यात राहते. पाचवीपासून माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण लग्न होऊन नेरुळला गेली, तरी महिन्यातून एकदा तलावपाळीवर भेटण्याचा आमचा नेम आजवर मोडलेला नाही. दोघीही आता ५८ वर्षांच्या आहोत आणि येत्या फेब्रुवारीत ध्रुवीय प्रकाश, म्हणजे अरोरा, पाहण्यासाठी आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडे जाण्याचे ठरवत आहोत. ही ओढ मुळात तिची आहे. भूगोलाच्या तासाला ध्रुवीय प्रकाशाविषयी ऐकल्यापासून ती त्याबद्दल बोलत आली आहे, आणि संसार, नोकरी, सासू-सासऱ्यांची आजारपणे यांतून मोकळी होऊन तिने प्रथमच "आता जाऊ या" असे म्हटले आहे.

आमच्यापुढे एका सहलीचे वेळापत्रक आहे. त्यात सात दिवसांत नॉर्वेतली ओस्लो व ट्रोम्सो, स्वीडनमधली आबिस्को व किरुना आणि फिनलंडमधले रोव्हानिएमी अशी पाच गावे घेतली आहेत. इतकी धावपळ करून काय दिसणार, अशी मला शंका येते. पण एकाच ठिकाणी राहिलो आणि तिथे नेमके ढग असले तर काय, ही शंकाही तितकीच खरी वाटते.

दुसरा प्रश्न अधिक काळजीचा आहे. मैत्रिणीला १४ वर्षांपासून मधुमेह आहे, गेली काही वर्षे ती इन्सुलिन घेते, आणि तळपायांना अधूनमधून मुंग्या येतात. तिच्या मुलाचे म्हणणे असे की तिने रात्री हॉटेलातच थांबावे आणि मी बाहेर जाऊन छायाचित्रे काढून आणावीत. हे तिला फार लागले. मलाही ते पटलेले नाही, पण मनातून भीती वाटते हे नाकारत नाही. ठाण्यात पहाटे पारा १५ अंशांवर उतरला की आम्ही शाली काढतो. उणे १५ मध्ये तिला घेऊन उभे राहणे शहाणपणाचे आहे का? जाऊन आलेल्यांनी आणि वैद्यकीय क्षेत्रातल्या मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

घोडबंदरकर

ताई, मी आणि माझा मित्र जानेवारीच्या उत्तरार्धात ट्रोम्सोला जाऊन आलो, म्हणून आधी जागेबद्दल लिहितो. पाच गावांचे वेळापत्रक कृपया बाजूला ठेवा. अरोरा दिसण्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात: अंधार, निरभ्र आकाश आणि सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांचा पुरेसा मारा. पहिली गोष्ट फेब्रुवारीत आपोआप मिळते. तिसरीची फार चिंता करू नये, कारण पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाभोवती अरोराचे जे कडे असते, त्याच्या खालीच ओस्लो सोडून ही गावे येतात. चुंबकीय हालचाल मोजणारा केपी निर्देशांक ० ते ९ या मोजपट्टीवर २ असला तरी तिथे प्रकाश दिसू शकतो. खरा अडथळा ढगांचा आहे, आणि ढगांवर एकच उपाय आहे: रात्री वाढवणे. रोज सकाळी बोचके बांधून पुढच्या गावी निघणाऱ्या माणसाची संध्याकाळ प्रवासात जाते, तो थकतो, आणि रात्री अकराला आकाश उघडते तेव्हा झोपलेला असतो.

ट्रोम्सो आर्क्टिक वृत्ताच्या सुमारे ३५० किलोमीटर उत्तरेला आहे, तरी तिथला जानेवारी-फेब्रुवारीचा सरासरी पारा उणे ४ च्या आसपास असतो. अटलांटिकमधून वर येणारा उबदार सागरी प्रवाह हे त्याचे कारण. तुमच्या मैत्रिणीच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. पण जो समुद्र ऊब देतो तोच बाष्पही देतो, त्यामुळे किनाऱ्यावर ढग, हिमवृष्टी आणि मध्येच पाऊस हे नेहमीचे. आमच्या पहिल्या तीन रात्री कोऱ्या गेल्या. चौथ्या रात्री ज्या छोट्या बसने आम्ही निघालो, तिचा चालक उपग्रहाची ढगांची चित्रे पाहत आम्हाला सुमारे दीडशे किलोमीटर आत, फिनलंडच्या हद्दीतील किल्पिसयार्वीपर्यंत घेऊन गेला, आणि तिथे आकाश स्वच्छ होते. पहाटे तीनला परत आलो. असा प्रवास तुमच्या मैत्रिणीला झेपेल का, याचा विचार करा. सात-आठ तास गाडीत बसणे आणि मध्ये दोन तास बर्फात उभे राहणे, असा तो प्रकार असतो.

आबिस्कोची गोष्ट वेगळी आहे. स्वीडनमधले हे खेडे टोर्नेट्रेस्क या सुमारे ७० किलोमीटर लांबीच्या तलावाच्या काठी आहे, आणि पश्चिमेकडचे डोंगर समुद्रावरून येणारे बाष्प अडवतात. महाबळेश्वराला धो धो पाऊस पडत असताना माण-खटाव कोरडे का राहते, हे आपल्याला ठाऊक आहे. आबिस्को हे त्या अर्थाने तिथले माण-खटाव. स्वीडनमधल्या सर्वांत कोरड्या ठिकाणांत त्याची गणना होते. थंडी मात्र ट्रोम्सोपेक्षा बरीच अधिक. रात्री उणे २० च्या खालीही जाते. ट्रोम्सोहून नार्विकपर्यंत बसने सुमारे चार तास आणि नार्विकहून आबिस्कोपर्यंत आगगाडीने दीड-दोन तास लागतात. ही आगगाडी किरुनाच्या खाणीतले लोहखनिज नार्विक बंदरात नेण्यासाठी बांधलेल्या मार्गावरून धावते आणि फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या, कड्याला धरून चढत जाते. तो प्रवास दिवसाउजेडी करा. माझ्या मते संपूर्ण सहलीतला तो सर्वांत देखणा भाग आहे.

माझा सल्ला असा की ट्रोम्सोला चार आणि आबिस्कोला चार रात्री राहावे, बाकी काही घेऊ नये.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. ट्रोम्सोचे रस्ते उताराचे आहेत, आणि बर्फावर पाऊस पडून पुन्हा गोठला की रस्त्याची काचेसारखी फरशी होते. दुसऱ्याच दिवशी बसथांब्यावर माझा मित्र घसरला आणि मनगट सुजले. बुटांवर चढवायचे रबरी पट्ट्यांचे काटे तिथल्या प्रत्येक दुकानात मिळतात, तिथले म्हातारेकोतारे ते घालूनच बाहेर पडतात. पोहोचल्याबरोबर पहिली खरेदी तीच करा.

ट्रोम्सोत २७ नोव्हेंबरच्या सुमारास मावळलेला सूर्य १५ जानेवारीच्या सुमारास पुन्हा क्षितिजावर येतो, पण भोवती डोंगर असल्यामुळे गावातून तो २१ तारखेच्या आसपास दिसतो. त्या दिवशी तिथे सूर्याच्या स्वागतासाठी गोड पाव खातात. आमच्याकडे संक्रांतीचा तीळगूळ शिल्लक होता, तो आम्ही घरमालकीणबाईंना दिला आणि त्यांनी आम्हाला पाव दिला. आपली संक्रांत आणि त्यांचा सूर्योदय एकाच आठवड्यात येतात, हे तिथे उभे राहीपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते.

डॉक्टर_वाशी

मासुंदाकाठ ताई, मैत्रिणीला न तपासता मी "जा" किंवा "जाऊ नका" असे म्हणणार नाही. ते तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ठरवावे, आणि त्यासाठी आताच, म्हणजे पाच-सहा महिने आधी, त्यांना भेटावे. डोळ्यांचा पडदा, हृदय, मूत्रपिंड आणि विशेषतः पायांची संवेदना यांची तपासणी करून घ्यावी. पुढचे मुद्दे त्या भेटीत विचारण्यासाठी लिहून ठेवा.

इन्सुलिन उन्हाळ्यात तापू नये म्हणून आपण जपतो. तिथे ते गोठू नये म्हणून जपावे लागते. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळून पूर्ववत दिसले तरी वापरायचे नसते, कारण त्याचा परिणाम भरवशाचा राहत नाही. म्हणून ते विमानात सामानाच्या कप्प्यात पाठवू नये, हातातल्या पिशवीत ठेवावे, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी, आणि लागेल त्याच्या दुप्पट साठा दोघींच्या पिशव्यांत वाटून न्यावा. बाहेर फिरताना पेन जॅकेटच्या बाहेरच्या खिशात नको, अंगालगतच्या आतल्या कपड्याच्या खिशात हवे. हॉटेलच्या खोलीत खिडकीच्या काचेला टेकवून किंवा हीटरवर ठेवू नये; छोट्या फ्रिजच्या मागच्या भिंतीला लागूनही ठेवू नये, तिथे बर्फ धरते. टोचून झाल्यावर सुई लगेच काढावी, नाहीतर तापमान बदलताना पेनमध्ये हवेचे बुडबुडे शिरतात. साखर मोजण्याचे यंत्रही थंडीत चुकते किंवा चालतच नाही, म्हणून ते इन्सुलिनच्याच खिशात ठेवावे.

साखर कमी होण्याचा धोका इथे विशेष आहे. कुडकुडण्यात आणि बर्फात चालण्यात शरीर जास्त साखर जाळते, आणि साखर उतरल्याची थरथर थंडीची थरथर समजून दुर्लक्षिली जाते. बाहेर जाण्यापूर्वी आणि दर तासाला साखर मोजणे हाच त्यावर मार्ग. ग्लुकोजच्या गोळ्या आतल्या खिशात असाव्यात. रसाचे खोके गोठते. नॉर्वे हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, त्यामुळे जाण्याचा दिवस लांबतो. दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्सुलिनची वेळ कशी सरकवायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

आता पायांबद्दल. मुंग्या येणाऱ्या पायांना थंडीची सूचना उशिरा मिळते, किंवा मिळतच नाही. निरोगी माणसाची बोटे दुखू लागली की तो आत येतो. तिची बोटे दुखणारच नाहीत, म्हणून घड्याळाने आत यायचे. २० ते २५ मिनिटे बाहेर, मग गाडीत किंवा खोलीत, पुन्हा बाहेर. बूट घट्ट नकोत, मोजे ओले झाले की बदलावेत, आणि रोज रात्री दोघींनी मिळून तिचे तळपाय व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. त्वचा पांढरट, मेणासारखी दिसली आणि बधिर वाटली, तर चोळू नये, शेकोटीजवळ किंवा हीटरवर धरू नये, कारण भाजलेले तिला कळणार नाही. ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात भिजवावे, पाण्याची ऊब तुम्ही स्वतःच्या कोपराने पाहावी, आणि लगेच मदत मागवावी. रुग्णवाहिकेसाठी नॉर्वेत ११३ आणि स्वीडन व फिनलंडमध्ये ११२ हा क्रमांक आहे. प्रवासविमा घेताना आधीपासून असलेला मधुमेह त्यात अंतर्भूत आहे की नाही, हे लेखी विचारून घ्या.

मुलाची काळजी मी समजू शकतो. मात्र वरच्या गोष्टी सांभाळल्या आणि तपासणी ठीक आली, तर तिला खोलीत बसवून ठेवण्याचे वैद्यकीय कारण मला दिसत नाही. तुम्हाला एक विनंती आहे: तिथे तिच्या परिचारिका होऊ नका. निघण्यापूर्वीच ठरवा की दोघींपैकी कोणीही "आत" असा एक शब्द उच्चारला की कारण न विचारता दोघीही आत यायचे. कधी ती म्हणेल, कधी तुम्हीही म्हणाल. माझ्या अनुभवात रुग्ण त्रास लपवतात ते बहुधा सोबतच्या माणसाचा आनंद हिरावला जाऊ नये म्हणून.

खारघरवासी

नोकरीनिमित्त मी दोन हिवाळे रोव्हानिएमीत काढले आहेत, त्यामुळे कपड्यांविषयी लिहितो. आपली सर्वांत मोठी चूक सुती कपड्यांची असते. सुती गंजी घाम शोषते, ओलीच राहते आणि पाठीला बर्फ लावल्यासारखे होते. अंगालगत मेरिनो लोकरीचा पातळ थर, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, आणि सर्वांत वर वारा अडवणारे जाड जॅकेट, असे तीन सैल थर हवेत. ऊब कपड्यांत नसते, थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. म्हणूनच बूट एक माप मोठे घ्यावेत आणि दुकानात जाताना जाड मोजे सोबत न्यावेत. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटे एकत्र राहणारे मोजे अधिक उबदार असतात. सर्वांत वरचे जाड कपडे आणि बूट इथे विकत घेण्यात पैसे घालवू नका. अरोरासाठी रात्री बाहेर नेणाऱ्या बहुतेक स्थानिक सहली ते देतात, फक्त आरक्षणापूर्वी विचारून घ्या. घरात शिरताना बूट दाराशी काढण्याची पद्धत तिकडेही आपल्यासारखीच आहे आणि आत २१-२२ अंश ऊब असते, तेव्हा भराभर काढता येतील असेच कपडे घ्या.

घोडबंदरकरांनी फिनलंडला वगळले याचे मला थोडे वाईट वाटले. इनारी हे गाव शांत आहे, तिथले सिदा संग्रहालय उत्तरेकडच्या मूळ रहिवासी सामी लोकांचे जगणे आतून दाखवते, आणि रोव्हानिएमीसारखी सांताक्लॉजची गर्दी नाही. मात्र उणे ३० चे दिवस तिथे येतात, म्हणून तुमच्या बाबतीत मीही ट्रोम्सोच म्हणेन. जमल्यास ६ फेब्रुवारीला तिथे असा. तो सामी लोकांचा राष्ट्रीय दिन असतो आणि त्या सुमारास ट्रोम्सोच्या मुख्य रस्त्यावर रेनडिअरच्या शर्यती होतात. एखाद्या सामी पशुपालकाशी बोलण्याचा योग आला, तर तुमच्याकडे किती रेनडिअर आहेत असे विचारू नका. बँकेत किती पैसे आहेत असे विचारण्यासारखे ते आहे.

खाण्याबद्दल एक सूचना. युरोपीय संघात आणि नॉर्वेत बाहेरून दुधाचे व मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून साजूक तूप, पेढे, श्रीखंडाच्या वड्या घरीच ठेवा. मेतकूट, भाजलेले पोहे, तेलातले थेपले, शेंगदाण्याची चटणी चालते. मेतकूट-भाताने मला दोन हिवाळे तारले आहे.

मासुंदाकाठ (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेबांचे उत्तर मी मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवले. "परिचारिका होऊ नका" हे वाक्य तिने दोनदा वाचायला लावले, आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

दोन छोटे प्रश्न राहिले आहेत. व्हिसा कोणत्या देशाचा घ्यावा, कारण चार-चार रात्री असल्या तर दोन्ही देश सारखेच होतात? आणि तिने आता स्वालबार्डचे नाव काढले आहे, तिकडे आणखी उत्तरेला अधिक चांगले दिसेल का?

घोडबंदरकर

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांसाठी चालणारा एकच व्हिसा, ज्या देशात अधिक रात्री असतील त्या देशाकडे मागायचा. रात्री समान असतील तर ज्या देशातून प्रथम प्रवेश कराल त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो, पण हिवाळ्याच्या गर्दीत शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. शुल्क ९० युरो आहे आणि विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

स्वालबार्डला या खेपेस जाऊ नये असे मला वाटते. नॉर्वेचा भाग असूनही ती बेटे शेंगेन क्षेत्राबाहेर आहेत, त्यामुळे परत येण्यासाठी एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो. तिथले मुख्य गाव लाँगयरब्यन ७८ अंश उत्तरेला आहे, तिथे सूर्य ८ मार्चच्या सुमारास परततो, आणि पांढऱ्या अस्वलांमुळे वस्तीबाहेर शस्त्रधारी वाटाड्याशिवाय पाऊल टाकणे धोक्याचे असते. आपल्या देशाचे हिमाद्री संशोधन केंद्र २००८ पासून त्याच बेटांवर न्यू-ऑलेसुंड येथे आहे, ही अभिमानाची गोष्ट खरी. पण अरोराचे कडे बहुतेक वेळा त्याच्या दक्षिणेला असते, त्यामुळे उत्तरेला जावे तितके अधिक दिसते असे नाही.

ऐरोलीकर

छायाचित्रणाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहितो. तिपाई न्या, फोकस हाताने अनंतावर ठेवा, शटर ५ ते १० सेकंद उघडे ठेवले तरी पुरेसे होते. बॅटऱ्या थंडीत लवकर उतरतात, त्या आतल्या खिशात ठेवा. आत येण्यापूर्वी कॅमेरा बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि तासभर उघडू नका, नाहीतर गारठलेल्या भिंगावर दव धरते. चंद्रप्रकाशाला घाबरू नका. अर्ध्या चंद्रात बर्फाचे डोंगर उजळतात आणि चित्राला जमीन मिळते.

पण ताई, याहून महत्त्वाचे एक सांगतो. अरोरा मंद असतो तेव्हा डोळ्यांना हिरवा दिसत नाही, राखाडी-पांढुरक्या ढगाच्या पट्ट्यासारखा दिसतो, कारण अंधारात पाहणाऱ्या आपल्या नेत्रपेशींना रंग कळत नाहीत. कॅमेऱ्याला तोच पट्टा हिरवा दिसतो. सुमारे १०० ते १५० किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा तो हिरवा प्रकाश असतो. जोर वाढला की डोळ्यांनाही रंग दिसू लागतो, आणि खालच्या कडेला नायट्रोजनची जांभळट-गुलाबी किनार धावते. पहिल्या रात्री पांढरा पट्टा दिसला तर "हे एवढेच?" असे म्हणून आत जाऊ नका. माझे तसे झाले, आणि माझ्या मागे वीस मिनिटांनी आकाश पेटले, असे सोबत्यांनी नंतर सांगितले. मैत्रिणीला दर २० मिनिटांनी आत यावे लागणार आहे, म्हणून खिडकी उत्तरेला असलेली आणि दिव्यांपासून दूरची खोली मागा. एक आत असेल तेव्हा दुसरीने आकाशावर लक्ष ठेवावे आणि हाक मारावी.

मासुंदाकाठ (ठाणे)

उत्तरेच्या खिडकीची सूचना सर्वांत कामाची ठरली. आबिस्कोतल्या एका घरगुती निवासाला लिहिले, आणि तलावाकडे तोंड असलेली खोली त्यांनी चार रात्रींसाठी राखून ठेवली आहे. ५ फेब्रुवारीला ट्रोम्सोत पोहोचायचे, म्हणजे सहा तारीख गाठता येईल. तिथे चार रात्री, मग नार्विकमार्गे दिवसाच्या गाडीने आबिस्को. प्रवेश नॉर्वेतून असल्याने व्हिसाही तिकडचाच मागणार आहोत. मैत्रिणीची तपासणी पुढच्या मंगळवारी आहे आणि तिने मुलालाच सोबत यायला सांगितले आहे, म्हणजे त्याचे प्रश्न तो स्वतः डॉक्टरांना विचारेल. अहवाल अनुकूल आला नाही तर आम्ही थांबू, हेही आमचे ठरले आहे.

आणि तो एक शब्द आम्ही ठरवला आहे. "आत" नव्हे, "घंटा". शाळेत तास संपल्याची घंटा झाली की आम्ही दोघी एकदमच उठायचो.